मृग, व्याध आणि अवधूत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष हे नाव मृगशीर्ष नक्षत्रावरून आलेलं आहे. या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र त्या नक्षत्राच्या आसपास असतो. दत्तजयंतीच्या संध्याकाळी पाळणा हलवून, सुंठवडा घेऊन आपण देवळाबाहेर येतो आणि थोड्या वेळाने पूर्वेकडे पाहिलं, तर चंद्राच्या जवळपासच मृग वर येताना दिसतो. चार तारे म्हणजे त्याचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याच्या मागून येणारा व्याध. पौर्णिमेच्या उजेडात बारीक तारे बुडतात, पण व्याध बुडत नाही. रात्रीच्या आकाशातला तो सर्वांत तेजस्वी तारा आहे. लोकमान्य टिळकांनी याच मृगशीर्षाच्या आधाराने वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला आणि १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला.

या ताऱ्यांच्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत. एक ऐतरेय ब्राह्मणातली. प्रजापती मृगाचं रूप घेऊन अधर्माच्या वाटेने धावला, देवांनी रुद्राला पुढे केलं आणि रुद्राने बाण सोडला. तोच बाण अजून आकाशात रुतलेला दिसतो. दुसरी गोष्ट महाशिवरात्रीची, आपल्या आजी-आईंनी सांगितलेली. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतात दुसऱ्या अध्यायात ती आहे. व्याध पाणवठ्याशेजारी बेलाच्या झाडावर चढून बसतो, एकामागून एक हरणं येतात, ‘घरच्यांना भेटून परत येतो’ असा शब्द देऊन जातात आणि खरोखरच परत येतात. रात्रभर झाडावर बसलेला व्याध शेवटी धनुष्य खाली ठेवतो. त्याच व्याधाला आणि मृगाला आकाशात जागा मिळाली, असं सांगतात.

म्हणजे नक्षत्र एकच. एका गोष्टीत बाण सुटला, दुसऱ्या गोष्टीत सुटला नाही. या दोहोंच्या मधे जो प्रश्न आहे, तो मागच्या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या नातवाने मला विचारला. त्याचं उत्तर शोधता शोधता जे सुचलं, ते या अंकाच्या निमित्ताने दत्तभक्तांपुढे ठेवतो. मी कोणी शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. होऊन चौतीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस आहे.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहतात. दिवाळी करून आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. त्या राज्यात नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणाच्या शिकारीला परवानगी असते. पाच लाखांहून अधिक माणसं परवाना काढतात. आषाढीच्या आधी आपल्याकडची गावं जशी ओस पडतात तशी तिथली पडतात. दुकानदार, शिक्षक, प्लंबर, बायाबापड्या, सगळे नारिंगी कपडे घालून रानात. नातवाच्या वर्गातली निम्मी मुलं जाणार होती.

त्यावरून घरात विषय निघाला. आमची ही पटकन म्हणाली, “नको रे बाबा, पाप असतं ते. आपल्यात नाही असलं.” नातू थोडा वेळ गप्प बसला. मग मला म्हणाला, “आजोबा, मी शाळेत चिकन खातो. आईला माहिती आहे. तेव्हा कोणी पाप म्हणत नाही. शेजारचे आजोबा वर्षातून एक-दोन हरणं मारतात आणि घरी सगळे मिळून खातात, तर ते पाप. असं कसं?”

“आपल्यात नाही” हे उत्तर खरं होतं, पण ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

शेजारचे गृहस्थ सत्तरीचे. आयुष्यभर गाई पाळून दुधाचा धंदा केलेले शेतकरी. गाई विकून टाकल्यावरही तासाभराच्या अंतरावरची चाळीस एकर झाडी त्यांनी ठेवली आहे. माणूस परोपकारी. बर्फ पडलं की आपल्या दाराबरोबर आमच्या मुलीच्या दारासमोरचंही साफ करून देतात. नातवाचा प्रश्न जावयांनी त्यांच्या कानावर घातला, तेव्हा ते हसले नाहीत की रागावले नाहीत. मला म्हणाले, “बघायचं असेल तर माझ्याबरोबर चला. बंदूक तुमच्या हातात देणार नाही. नुसतं बसायचं.” आमच्या हिचा विरोध धर्मापेक्षा माझ्या गुडघ्यांच्या बाजूने जास्त होता. “या वयात झाडावर?” पण मी गेलो.

जाण्यापूर्वी तिथली रीत त्यांनी मला समजावून सांगितली. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सुरक्षिततेचा अभ्यासवर्ग पूर्ण केल्याखेरीज एकट्याने शिकारीचा परवाना मिळत नाही. किती हरणं मारायची, नर की मादी, हे जिल्ह्याजिल्ह्यानुसार ठरतं. वेळ सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर वीस मिनिटं, त्याबाहेर नाही. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारदरबारी करायची. रानातल्या हरणाचं मांस विकायला कायद्याने बंदी. घरी खा, नातलगांना द्या, गरिबांच्या अन्नछत्राला द्या, पण पैसा घेता येत नाही. आणखी एक गोष्ट मला वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून लक्षात राहिली. १९३७ सालच्या एका कायद्याने तिथे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा (तो आता अकरा टक्के आहे) पैसा रानं आणि वन्यप्राणी राखण्यासाठीच वापरायचा असं ठरवून टाकलं. मारणाऱ्याकडूनच राखण्याचा खर्च वसूल.

याला कारणही आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार कत्तलीने त्या देशातली ही पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्याही खाली आल्याचा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात लांडगे मारले गेले. विस्कॉन्सिनमधून तर लांडगा १९६० च्या सुमारास नाहीसाच झाला होता आणि आता मुख्यतः उत्तरेकडे परतला आहे. खाणारा राहिला नाही की हरणं वाढतात, कोवळी झाडं खाऊन रान उघडं करतात, शेतात शिरतात, गाड्यांखाली येतात. रस्त्याकडेला मरून पडलेलं हरीण मला तिथे जवळजवळ रोज दिसत होतं. त्याच मॅडिसनच्या विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड नावाचे प्राध्यापक होऊन गेले. १९४८ साली वारले. ते स्वतः शिकारी. तरुणपणी लांडगे कमी झाले की हरणं वाढतील, असं त्यांनाही वाटत असे. पण आपल्याच गोळीने पडलेल्या एका लांडगीच्या डोळ्यांतला उजेड विझताना त्यांनी जवळून पाहिला, आणि त्या पाहण्याने पुढे त्यांचा विचार बदलला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आता त्या दिवसाविषयी.

पहाटे साडेचारला स्नान केलं. गुरुचरित्राचा चौदावा अध्याय हा माझा नित्यनेम. तो वाचला, पण उदबत्ती लावली नाही. हरणाचं नाक फार तीक्ष्ण असतं, म्हणून सुवासिक साबण, अत्तर, धूप काही नको, असं त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. थंडी उणे सहा अंश. अंगावर भगव्याच्या जवळचा पण झगझगीत नारिंगी कोट. हरणाला हा रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून दिसतो.

मचाण म्हणजे ओकच्या झाडाला घट्ट बांधलेली पंधरा फुटांची लोखंडी शिडी आणि वर दोघांना बसता येईल असं बाकडं. शिडीवर पाय ठेवण्याआधीच कमरेचा आणि खांद्याचा पट्टा झाडाच्या दोराला अडकवायचा. ते म्हणाले, “आमच्यात गोळी लागण्यापेक्षा झाडावरून पडूनच जास्त लोक जायबंदी होतात.” वर बसल्यावर पाहिलं तर पश्चिमेकडे मृग आणि त्याच्या डावीकडे व्याध उतरणीला लागले होते. दोन्ही तेच, आपल्याकडे दिसतात तेच.

मग उजाडेपर्यंत आणि उजाडल्यावरही नुसतं बसणं. बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही, खोकला आला तर कोटात तोंड घालायचं. हातमोज्यात माळ होती, त्यावर जप चालू ठेवला. वाळक्या पानांवर खार पळाली तरी हरीण आल्यासारखा आवाज होतो. पहिल्या तासात माझी छाती दहा वेळा धडधडली, त्यांची मान एकदाही वळली नाही. ते आवाजाकडे पाहत नव्हते, दिसण्याची वाट पाहत होते.

नऊच्या सुमाराला एक मादी दोन पाडसांना घेऊन आली. पाडसं चांगली वाढलेली. तिघंही आमच्या झाडाखालून गेली. मादीने एकदा मान वर केली, तेव्हा तिच्या नाकपुडीतून निघणारी वाफ मला दिसली. त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. दुपारी मी दशमी आणि ते पाव खात असताना हळू आवाजात म्हणाले, “कायद्याने चाललं असतं. पिल्लं आता आईशिवाय जगतील. पण मला ते जमत नाही.”

अडीच वाजता समोरच्या टेकाडाच्या माथ्यावर मोठ्या शिंगांचा नर उभा राहिला. असा नर दोन-तीन वर्षांत एखादा दिसतो, हे त्यांनी मागाहून सांगितलं. बंदूक खांद्याला लागली, डोळा दुर्बिणीला लागला. मी श्वास धरला. आणि बंदूक खाली आली. नर दोन उड्यांत पलीकडे गेला. “त्याच्या मागे आकाश होतं,” ते म्हणाले. “गोळी चुकली किंवा आरपार गेली तर पलीकडे कुठे जाईल ते दिसत नव्हतं.”

पावणेचारला एकटी मादी आली. चाळीस पावलांवर आडवी उभी राहिली. मागे मातीचा चढ. या वेळी गोळी सुटली. कानात बोळे असूनही आवाज अंगावर आला. मादीने उंच उडी घेतली, झाडीत शिरली, पानांचा आवाज झाला आणि थांबला. ते लगेच उतरले नाहीत. हातमोजे काढून, हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसून राहिले. जखमी जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते भीतीने आणखी पळतं आणि हाल होऊन मरतं, म्हणून ही रीत.

साठ-सत्तर पावलांवर ती पडलेली होती. डोळे उघडे. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर बसले, तिच्या मानेवर हात ठेवला आणि काही वेळ तसेच राहिले. मी मनात दत्तनाम घेतलं. ते तिच्यासाठी, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला सांगता येणार नाही. मग त्यांनी सुरी काढली. पोट उघडल्यावर थंडीत वाफ वर आली. मी तिथेच उभा राहिलो. बघायला आलो होतो, तेव्हा एवढंच बघणार नाही म्हणणं बरोबर नव्हतं.

परत येताना गाडीत मी विचारलं, “बाजारात सगळं मिळत असताना हे कशासाठी?” ते म्हणाले, “मी मांस खातो. त्याची किंमत काय असते, हे वर्षातून एकदा तरी माझ्या डोळ्यांनी पाहावं म्हणून.” थोड्या वेळाने म्हणाले, “तुम्ही दूध पिता ना? मी पन्नास वर्षं गाई पाळल्या. गाईला गोऱ्हाही होतो. त्याचं पुढे काय होतं, हे दूध घेणाऱ्यांनी मला कधी विचारलं नाही.” बोलण्यात टोमणा नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. भगवान श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. हा अवधूत म्हणजे साक्षात दत्तप्रभू, अशी आपली श्रद्धा. याच स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये काशीत ती पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त होते, हे आपण जाणतोच. अवधूताच्या चोवीस गुरूंत हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते पकडलं जातं, म्हणून कानावर ताबा ठेवावा, हा त्याचा धडा. कपोत आहे, ज्याचं कुटुंब पारध्याच्या जाळ्यात जातं आणि मोहाने तोही मागोमाग उडी घेतो. अजगर आहे, पिंगळा वेश्या आहे, मध काढून नेणारा आहे. व्याध मात्र गुरूंच्या यादीत नाही. तो येतो, जाळं आवळतो, निघून जातो.

पण बाण करणारा कारागीर गुरूंत आहे. तो कामात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला कळलं नाही. हा बाण पुढे कोणाच्या तरी अंगात शिरणारच होता. अवधूताने त्या कारागिराकडून एकाग्रता घेतली, बाण घेतला नाही. ही चोवीस गुरूंची रीत मला फार मोलाची वाटते. कोणाकडून काय घ्यायचं आणि काय त्याच्यापाशीच ठेवायचं, हे आधी ठरवायचं. मीही तसंच ठरवलं. शेजाऱ्यांची बंदूक त्यांच्यापाशी राहू दे. त्यांचं पाहणं मला घ्यायचं आहे.

कारण आपल्या पुराणांतल्या शिकारीच्या गोष्टी पाहिल्या, तर अनर्थ बहुतेक न पाहण्यातून झालेला आहे. दशरथाने नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. त्याच एकादश स्कंधाच्या शेवटाकडे जरा व्याध येतो. झाडाखाली टेकलेल्या श्रीकृष्णांचं पाऊल त्याला हरणाचं तोंड वाटलं. जवळ येऊन पाहिलं तेव्हा तो पायांवर कोसळला आणि भगवंतांनी त्याला अभय दिलं. दत्तप्रभूंच्या कृपेने हजार बाहू मिळालेला सहस्रार्जुन शिकारीला म्हणून निघाला, वाटेत जमदग्नींच्या आश्रमात पोटभर जेवला आणि निघताना त्यांचीच धेनू ओढून नेली. हात हजार होते, पण ज्याचं अन्न खाल्लं तो समोर दिसला नाही. मनूने राजाची कामातून उपजणारी दहा व्यसनं सांगितली, त्यांत पहिलं नाव मृगयेचं आहे. तिथेही भिंतीवर शिंगं टांगण्यासाठी मारणारे पुष्कळ आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही.

बँकेत व्हाउचरवर सही करणं म्हणजे ‘मी हे पाहिलं’ असं सांगणं. रक्कम, तारीख, खातेदाराची सही, सगळं पाहिलं. मी नवीन असताना आमचे जुने हेड कॅशियर सांगायचे, “पाहून केलेल्या सहीचा जाब देता येतो. न पाहता केलेल्या सहीचा जाब देता येत नाही.” शाळेत नातवाच्या ताटात येणारं चिकन दहा हातांतून येतं. वाढवणारा वेगळा, कापणारा वेगळा, पिशवीत भरणारा वेगळा, तळणारा वेगळा. प्रत्येकाची सही आहे, पण अख्खं व्हाउचर कोणीच पाहिलेलं नाही. खाणाऱ्याने तर नाहीच. शेजाऱ्यांच्या व्हाउचरवर एकाच माणसाची सही आहे आणि त्याने ते वरपासून खालपर्यंत पाहिलेलं आहे.

आता आपण शाकाहारी म्हणून बाहेर उभे राहून दोघांचा हिशेब तपासायचा का? शास्त्र तसं करू देत नाही. गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थानं सांगितली आहेत, पंचसूना. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. सूना म्हणजे वधाची जागा. रोज स्वयंपाक करताना, झाडताना, पाणी भरताना कोणता ना कोणता जीव मरतोच. म्हणून पंचमहायज्ञ, म्हणून वैश्वदेव, गोग्रास, काकबळी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडील वैश्वदेव केल्याशिवाय जेवायला बसत नसत. जेवण्याआधी रोजची खतावणी लिहावी, तसाच तो प्रकार होता. माझ्यामुळे आज काय काय गेलं, हे मला माहीत आहे, असं अग्नीपुढे म्हणायचं.

आज केरसुणी आणि उखळ बदलली, पण नावेची बाजू लहान झालेली नाही. पूजेच्या रेशमी सोवळ्यासाठी कोशातले किडे उकळलेले असतात. भजनाच्या पखवाजाला कातडं असतं. पूर्वी संध्येला मृगाजिन वापरत, तेही कोणा हरणाचंच. सोलापूर जिल्ह्यात एका शाखेत असताना पीककर्जाच्या पाहणीला आम्ही शिवारात जात असू. नान्नजच्या बाजूला काळविटांचे कळप ज्वारीत शिरत. शेतकरी माळ्यावर बसून रात्र रात्र डबे वाजवायचे. तेही मचाणच, फक्त बंदुकीशिवाय. पण रोही आणि रानडुकरांनी घायकुतीला आलेले काही जण कुंपणात वीज सोडतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्यात जनावरं मरतात, कधी माणसंही मरतात. आपली भाकरी कोणत्या शिवारातून आली, ते आपण तरी कुठे विचारतो?

याचा अर्थ शाकाहार व्यर्थ आहे असा कोणी घेऊ नये. माझा तो कायमचा आहे. ज्या व्हाउचरची गरजच नाही ते फाडूच नये, हा सर्वांत चांगला व्यवहार. पण दया म्हणजे नजरेआड ठेवणं नाही. डोळे मिटून पाळलेली अहिंसा सोवळ्यासारखी असते. आपल्याला शिवलं नाही एवढंच ती पाहते, जीव वाचला की नाही हे पाहत नाही.

तीन-चार दिवसांनी नातवाला जवळ बसवून हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं. म्हटलं, “पाप कोणाला किती, तो हिशेब चित्रगुप्ताचा. माझ्या अधिकारात नाही. मी तुला एक कसोटी सांगतो. ज्याचा जीव आपल्यासाठी जातो, त्याच्याकडे पाहताना डोळे मिटावेसे वाटत असतील, तर ते ताट आपलं नाही.” पोरगं हुशार. लगेच म्हणालं, “मग ज्याला डोळे उघडे ठेवता येतात, त्याने मारलं तर चालतं? खाटीक तर रोज बघतो.”

हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अवघड वाटला. पाहून पाहून नजर मरते, हेही खरं आहे. तेव्हा मला महाभारतातला मिथिलेचा धर्मव्याध आठवला. तो मांस विकत असे. स्वतः मारत नसे, खात नसे. पण आपला धंदा घोर आहे, हे त्याने दारी आलेल्या ब्राह्मणापासून लपवलं नाही की त्याला चांगलंही म्हटलं नाही. आणि शिवरात्रीचा व्याध आठवला. तो तरी रात्रभर काय करत होता? हरणांकडे पाहत होता. पहिलीचं ऐकलं, दुसरीचं ऐकलं, ती परत आलेली पाहिली, आणि पहाटेपर्यंत त्याचा हात उचलेना. मी नातवाला म्हटलं, “पाहणं म्हणजे मारायचा परवाना नाही. खरं पाहिलं की हात खाली येऊ लागतो. त्या दिवशी शेजारच्या आजोबांचा दोनदा थांबला, हे मी पाहिलं. तिसऱ्यांदा थांबला नाही. ज्याचा हात एकदाही थांबत नाही, तो पाहत नसतो, नुसता बघत असतो.”

दत्तजयंतीआधी आम्ही परत आलो. परवा मुलीचा फोन आला होता. नातवाने शिकारीच्या अभ्यासवर्गात नाव घातलेलं नाही, आणि शाळेतलं चिकनही सोडलेलं नाही. पण ताटात काही आलं की “हे कुठून आलं?” असं विचारतो. दुधाबद्दलही विचारतो. आईला दर वेळी उत्तर देता येत नाही. मी तिला म्हटलं, उत्तर नाही आलं तरी चालेल, प्रश्नावर रागावू नकोस.

आपल्या त्रिमूर्तीच्या पायांशी पाहा. मागे गाय उभी आहे आणि पुढे चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी, श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो आणि तो खराच आहे. पण अर्थाच्या आधी ती जनावरं आहेत. गाय गवत खाणारी, श्वान मांस खाणारे. महाराजांनी दोघांना एकाच पायाशी जागा दिली. गाईला जवळ घेऊन श्वानाला हाकललं नाही आणि श्वानासाठी गाय दिली नाही. दोघांकडे त्यांची नजर सारखी आहे. सहा हातांनी ते काय काय धरतात, ते आपण आरतीत पाहतोच. यंदा आरती घेताना त्यांच्या डोळ्यांकडेही क्षणभर पाहावं, एवढीच विनंती.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥